पदराच्या गाठीतला वायसर

मोटरसायकलचं ऑइल आमच्या घरी मी बदलायची. माझ्या वडिलांचं बडनेऱ्याला गाड्या दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं पाना हातात घेऊनच मोठी झाले म्हणा ना. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, जो सांभार-मेथीत हुशार (सांभार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर), पण गाडीच्या बाबतीत शून्य. चांदूर बाजारजवळ आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा. गाडीला पोतं बांधून ते बाजाराला जायचे, पण इंजिनात ऑइल किती उरलं ते दाखवणारी काडी काढून कधी पाहायचे नाहीत. मग मी बोलायची. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. "चार वर्साची पोरगी सांगते काडी कुठं हाय ते, तुमाले नाही सांगता येत," असं सासूबाईंसमोरच म्हणायची. ते हसायचे. हसले की मला आणखी चेव यायचा.

त्या दिवशी ते पोरीला घेऊन धारणीला निघाले होते, माझ्या नणंदेकडं, बारशाला. मला जाता येत नव्हतं. लोडशेडिंगचे दिवस, लाईन आली की तेवढ्याच वेळात पिकाचं ओलीत, म्हणजे पाणी देणं, उरकावं लागायचं, आणि त्या साली विहिरीत पाणी जेमतेम गुडघाभर. म्हटलं, मेळघाटातला रस्ता आहे, निघायच्या आधी ऑइल बदलून देते.

इंजिन थोडं गरम केलं, खाली घमेलं सरकवलं आणि तळाचा बोल्ट खोलला. काळंभोर ऑइल घमेल्यात पडू लागलं. त्या बोल्टाला तांब्याचा एक चपटा वायसर असतो, अंगठीएवढा. तो नसला की बोल्ट कितीही आवळा, ऑइल झिरपतंच. मागच्या खेपेला पोरीनं खेळता खेळता तो मातीत हरवला होता. म्हणून या वेळी मी वायसर पुसला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. आमच्याकडं बायका किल्ली, कानातलं, काय वाट्टेल ते पदरालाच बांधतात. तिथून काही हरवत नाही.

तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "लाईन आली वो!" मी विहिरीवर पळाले, मोटर सुरू केली, परत आले आणि घाईघाईनं बोल्ट लावून आवळला. नवं ऑइल ओतलं. काडी पाहिली. काडी अगदी बरोबर. पोरीला पेट्रोलच्या टाकीवर बसवलं, तिनं आरशांच्या दांड्या घट्ट धरल्या.

"हळू जाजा," मी म्हणाले.

"हो बाप्पा," ते म्हणाले आणि गेले.

मी झेंडूच्या वाफ्यांत पाणी फिरवत राहिले. पदर सुटला म्हणून पुन्हा कमरेला खोचायला घेतला, तर हाताला गाठ लागली.

सोडायची गरज नव्हती, तरी सोडली. वायसर. स्वच्छ पुसलेला. आधी स्वतःला समजावलं, झिरपेल थोडं, काय होते त्यानं? मग ते मागचं चाक डोळ्यांसमोर आलं. बोल्टाच्या मागंच चाक. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे बसून बोल्ट ढिला होणार, ऑइल टायरवर उडणार, आणि तसंच चाक घाटातल्या वळणावर जाणार. समोर टाकीवर माझी पोर. "मेली मी," असंच तोंडातून निघालं.

त्यांना निघून तास होऊन गेला होता. मी चिखलाच्या पायांनी रस्त्यानं पळत सुटले, एसटीडीच्या दुकानाकडं. त्या वर्षांत आमच्या भागात बाई पळताना दिसली की लोक हातातलं काम टाकून उभे राहायचे. कारण सगळ्यांच्या मनात आधीच तयार असायचं: हिच्याही मालकानं कर्जापायी विष घेतलं. कपाशीतला एक म्हातारा धुऱ्याच्या बांधावरून ओरडला, "काय झालं वो बाई? मालक ठीक हायेत ना?" दुकानातल्या चाचांनी तर काही विचारलंच नाही. फोन माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "पहले बैठ जा बेटी." मी त्यांना काय सांगणार होते? की विष नाही चाचा, वायसर?

बडनेऱ्याला वडिलांना फोन लावला. "बाबा, बोल्टाचा वायसर मायाजवळच रायला. ते पोरीले घेऊन धारणीले गेले."

"पान्यानं आवळला का हातानं?"

"पान्यानं."

"मंग बोल्ट लवकर पडत नाही. पण गळन." मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुठं बसली?"

"टाकीवर."

"धारणीले निरोप ठेव," ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझे वडील चोवीस तास बडबड करणारे. त्यांनी असा फोन ठेवला, तेव्हा मला खरी धडकी भरली.

धारणीला नणंदेच्या शेजारी किराणा दुकान होतं, तिथं निरोप ठेवला की पोचले की या नंबरवर फोन करा. मग बाकावर बसून राहिले. फोन वाजला की मी उठून उभी राहायची. दरवेळी दुसऱ्याच कुणाचा तरी. एकदा माझ्या मनात आलं, पोरीला नीट जेवू घालूनही पाठवलं नाही मी, ऑइलच्या नादात. मी रडले नाही. रडले तर ते खरं होईल असं वाटत होतं.

दोनच्या सुमारास चाचांनी फोन माझ्यापुढं धरला.

"पोचलो," ते म्हणाले. "घाबरू नोको. घाटात पडलो आमी. पोरीच्या हनुवटीले तीन टाके पडले. खेळून रायली आता. गाडी दगडावर आपटली, तवापासून ऑइल गळून रायलं होतं, इथल्या मिस्त्रीनं बोल्ट आवळून देला." मग म्हणाले, "वळणावर मलेच गाडी सांभाळता नाही आली. मायीच चूक हाय."

तिथंच सांगायला हवं होतं. वायसर माझ्या मुठीत होता. मी फक्त म्हणाले, "पोरीले द्या फोनवर."

दुसऱ्या दिवशी ते आले. मी नवा वायसर आणून गुपचूप बसवला. जुना पदरालाच राहिला, लुगडं बदललं की या पदरातून त्या पदरात. त्या दिवसापासून यांचं गाडी चालवणंच बदललं. सरळ रस्त्यावरही ते सायकलवाल्याच्या मागं मागं गाडी न्यायचे. पोरगी टाकीवर बसायचं म्हणून रडायची, हे तिला खाली उतरवायचे. तिच्या हनुवटीकडं पाहिलं की मान फिरवायचे. मी बोलणं सोडून दिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हिले काय झालं, इतकी गरीब कायनं झाली?"

तीन हप्त्यांनी ते जेवता जेवता म्हणाले, "गाडी इकून टाकतो. माया हाताचा भरोसा नाही रायला मले."

मी पदराची गाठ सोडली आणि वायसर त्यांच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. दगडानं ऑइल गळलं नाही, आधीच गळत होतं, म्हणून चाक सटकलं. ते चिडतील, ताट फेकतील, असं वाटलं. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

ते वायसर बोटात फिरवत राहिले. "तीन हप्ते मी सोताच्या पोरीले जवळ घ्याले भेत होतो," ते म्हणाले. "आन् तू रोज पाहून रायली होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला टाकीवर बसवलं आणि बाजाराला निघाले. किक मारण्याआधी ते खाली वाकले, बोल्टाला बोट लावलं आणि ते बोट कोरडं आहे का हे उजेडात धरून पाहिलं. माझ्यासमोर, माझ्याकडं न पाहता.