पहिल्या पथकाचे गुण

"पयलां कोण?"

मैदानात पाऊल टाकलं की मास्तरांचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चहा नाही, 'काय बाई, बरी आहेस ना' नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात शाईचं पेन आणि पेनाचं टोपण दातांत. नवीन शिक्षक बावचळून त्यांना गेल्या वर्षीच्या विजेत्या शाळेचं नाव सांगायचे. मग मास्तर टोपण काढून शुद्ध मराठीत विचारायचे, "अहो, आज सगळ्यात आधी कोण वाजवणार? चिठ्ठीत पहिला नंबर कोणाला आला?"

मी मुलुंडच्या एका शाळेत पीटीची बाई. बँडही माझ्याकडेच. आमचं मैदान मोठं, म्हणून आसपासच्या शाळांची बँड स्पर्धा वर्षानुवर्षं आमच्याच गळ्यात. तुम्ही अशी स्पर्धा पाहिली असेल तर दोरीच्या बाहेरून पाहिली असेल. कडक इस्त्रीचे गणवेश, पुढे स्टिक फिरवणारी मुलगी, मागे ड्रम, बिगुल, झांजा. आतल्या बाजूला काय चालतं ते मला विचारा. चुन्याच्या रेघा पुसल्या जातात, पाण्याची टाकी संपते, प्रमुख पाहुणे 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून घाटकोपरला अडकलेले असतात. मी मुळात चिडकी. त्या दिवशी तर सकाळपासून माझा पाय एका जागी ठरायचा नाही.

परीक्षक तीन. तिघांची टेबलं तीन कोपऱ्यांत, एकमेकांचे कागद दिसू नयेत म्हणून. एक गणवेश आणि शिस्त बघतो, दुसरा संचलन, तिसरा वादन. वादनाला चाळीस गुण, म्हणजे खरी सूत्रं त्याच्याच हातात. तो तिसरा म्हणजे आमचे मास्तर. सरकारी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. एरवी बोलायचे तुमच्याआमच्यासारखं, पण जीव खालीवर झाला की मालवणी बाहेर पडायची.

एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा स्पर्धेआधी त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. मास्तरांनी दोन पेढे खाल्ले, उरलेले पाणी वाटणाऱ्या मुलींना दिले आणि त्या शाळेला चाळीसपैकी बावीस दिले. मुख्याध्यापक तणतणत आले तर म्हणतात, "पेढे झकास होते हो. ड्रमाचं तेवढं बघा."

गुण ते शाईनेच लिहायचे, पथक मैदानाबाहेर पडायच्या आत. खाडाखोड नाही. "एकदा लिहिलं की लिहिलं," हे दर वर्षी ऐकायचं. बाकीचे दोघे पेन्सिलीने लिहून शेवटी खालीवर करायचे. मास्तरांना ते अजिबात पटायचं नाही.

आता त्या 'पयलां कोण'ची गोष्ट. सगळ्या स्पर्धांमध्ये चालणारी एक चोरी आहे आणि ती चोर स्वतःही कबूल करत नाही. पहिलं पथक येतं. परीक्षकाच्या मनात असतं, अजून अकरा यायचीत, आताच पस्तीस दिले तर पुढच्यांना काय देऊ? हात आखडतो. म्हणून ज्याची चिठ्ठी पहिली, त्याची वाट लागली. मुलांनाही हे माहीत असतं. पहिली चिठ्ठी निघाली की लीडरचं तोंड बघवत नाही.

मास्तरांनी यावर उपाय काढला होता. यजमान शाळेने स्पर्धेत उतरायचं नाही आणि सगळ्यांच्या आधी वाजवायचं, बिनगुणांचं. "तबला लावतात ना? तसा परीक्षकाचा कान लावून घ्यायचा. मग खरी स्पर्धा." त्याला ते सलामी म्हणायचे. झालं! यजमान आम्ही, त्यामुळे दर वर्षी सलामी आमची. आमची मुलं जीव तोडून वाजवायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि ढाली दुसरेच घेऊन जायचे. मुलं कुरकुरायची, "बाई, आपण काय नेहमी फुकटच वाजवायचं?" मी त्यांना गप्प बसवायची. यजमानपणाचा मानही मला सोडवत नव्हता, खोटं कशाला बोलू?

मग शाळेला नवीन सेक्रेटरी आले. त्यांनी ट्रॉफीचं कपाट उघडून बघितलं आणि मला बोलावलं. "बाई, इतकी वर्षं बँड आहे आणि एक ढाल नाही? मला ती खोली रोबोटिक्सला हवी आहे. यंदा पहिल्या तिघांत आलात तर बँड राहील. नाहीतर बंद."

मी तडक भांडुप गाठलं. मास्तरांना म्हटलं, "आमचा बँड चांगला आहे असं एक पत्र द्या. तुम्ही इतकी वर्षं ऐकताय."

"मी गुण दिलेच नाहीत, तर लिहू काय? बरां वाजवतत? तां कोणीय लिहील."

"मास्तर, बँड बंद होतोय!"

"होता कामा नये," ते म्हणाले आणि खोलीत फेऱ्या मारायला लागले. चार फेऱ्यांनी थांबले. "यजमानपण सोड गो. दुसऱ्या शाळेला दे. तुम्ही उतरा स्पर्धेत."

इतकं सोपं होतं. पण मला ते सुचलं नव्हतं. मी सोडलं. स्पर्धा घाटकोपरच्या एका शाळेकडे गेली आणि आम्ही तीन महिने रोज सकाळी सातला वाजवायला लागलो. शेजारच्या सोसायटीने दोनदा तक्रार केली. आमची लीडर नववीतली तन्वी, आवाज असा खणखणीत की तिच्या 'सावधान'ला रस्त्यावरचा रिक्षावालाही ताठ व्हायचा. स्पर्धेच्या सकाळी तिने चिठ्ठी उचलली, उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी समजले. पहिला नंबर.

"ठीक आहे," मी म्हटलं, "आधी सलामी होईल." पण घाटकोपरच्या शाळेत बँडच नव्हता, लेझीम होती. तिथले संयोजक घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना अकराला निघायचंय. सलामीबिलामी जमणार नाही यार." मास्तर त्यांच्याशी भांडले. छत्री आपटली. संयोजक ऐकेनात. मास्तर घामाघूम होऊन माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मी आसय ना. घाबरू नको."

मी त्या शब्दावर निर्धास्त झाले.

मुलांनी काय वाजवलं! मी बाईपणा विसरून दोरीला धरून उड्या मारत होते. बिगुलाचा सूर एकदाही फाटला नाही. वळताना ओळ अशी वळली की समोरच्या शाळेची मुलंसुद्धा ओरडली. मास्तरांनी मान खाली घालून लिहिलं, टोपण लावलं. मग पुढची पथकं आली. चांगली होती, काही फार चांगली होती. मी तेव्हापासून निकालापर्यंत मैदानाला किती फेऱ्या मारल्या देव जाणे.

आम्ही चौथे आलो. दोन गुणांनी.

निकालानंतर गुणांचे कागद शिक्षकांना बघायला ठेवतात. गणवेशात आम्ही दुसरे, संचलनात पहिले. वादनात, चाळीसपैकी अठ्ठावीस. तिसऱ्या आलेल्या शाळेला तेहेतीस. मी तो आकडा बघत उभी असताना मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"बाये," ते म्हणाले, "माझो हात आखडलो."

"म्हणजे?"

"चौतीस होते मनात. पेन टेकवलां आणि वाटलां, पुढे कोण येतला कोणास ठाऊक. तीच तुमची पोरां पाचव्या नंबरार वाजवूक आली असती, तर चौतीस दिले असते मी."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते: "आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलंत आणि माझ्याच मुलांच्या वेळी शेपूट घातलीत." आजूबाजूला मुलं होती, इतर शाळांचे शिक्षक होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी हे सगळ्यांसमोर बोलले. ते फक्त "होय" म्हणाले.

मग ते संयोजकांकडे गेले. शाईने लिहिलेलं कधी न बदलणारा माणूस 'माझे गुण बदला' म्हणून विनवायला लागला. संयोजक म्हणाले, "सह्या झाल्यात काका. आणि बघा तरी." तिसऱ्या आलेल्या शाळेची मुलं ढाल मध्ये धरून फोटो काढत होती. एक छोटा झांजवाला ढालीला पापे घेत होता. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "ह्यांच्या हातातली कशी काढू? ह्यांनी काय केलां?" आणि छत्री घेऊन चालू पडले.

दोन दिवसांनी त्यांनी आमच्या सेक्रेटरींना पत्र पाठवलं. दोन पानं. त्यात लिहिलं होतं: चूक माझी, मुलांची नाही, बँड बंद करू नये, वाटल्यास माझं नाव परीक्षकांतून काढावं. सेक्रेटरींनी वाचलं, घडी घातली आणि मला विचारलं, "सज्जन गृहस्थ आहेत. पण नंबर चौथाच ना?"

बँड बंद झाला. ड्रम माळ्यावर गेले. तन्वी दहावीला गेली आणि पुढे मला रस्त्यात भेटली तरी बँडचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. मास्तरांनी परीक्षक म्हणून जायचं बंद केलं. बोलावणं आलं की सांगायचे, "माझो कान आता भरवशाचो नाय." मला त्यांचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. माझा राग खरा होता आणि मला तो सांभाळून ठेवायचा होता. नंतर ते गावी गेले म्हणे. आणि मग एका दुपारी पीटी शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली हात जोडलेले, त्याखाली आणखी हात जोडलेले. मीही तेच पाठवलं. दुसरं काय पाठवणार?

यंदा बोरिवलीच्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. वादनासाठी. मी गेल्या गेल्या विचारलं, "सलामीचं पथक कुठलं?" संयोजक हसले. "ते कोण करतं आता, मॅडम?" मी हट्ट धरला नाही. मनात म्हटलं, मला काय सलामीची गरज? हे सगळं मला तर ठाऊक आहे.

पहिलं पथक जोगेश्वरीच्या एका लहानशा शाळेचं होतं. बूट वेगवेगळे, पण ड्रम एकसारखे, एकाच हाताने वाजवल्यासारखे. दोन बिगुल, दोन्ही स्वच्छ. पुढची मुलगी वळताना हसली. मी पेन उघडलं. पस्तीस. मला अगदी स्पष्ट पस्तीस दिसत होते. मग गेटाकडे नजर गेली. तिथे नऊ पथकं रांगेत उभी होती, काहींचे तुरे उंच, काहींचे ड्रम नवे कोरे. पुढे कोण असेल? आताच पस्तीस दिले तर?

एवढंसं असतं ते, मास्तर. त्यात बेईमानी नसते हो, नुसती भीती असते. मला ठाऊक नव्हतं. तुमचा फोन मी एकदा तरी उचलायला हवा होता.

पथक मैदानाबाहेर पडत होतं. मी खाली बघितलं. कागदावर माझ्या अक्षरात सत्तावीस लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या पथकाची शिट्टी झाली होती.