माळावर नसलेली पिंपरण

चित्रं माझ्या हातून देवच करवून घेतो, असं मी सत्कारांच्या भाषणांत सांगत असे. खरं म्हणजे साताऱ्यात दर सोमवारी महादेवापुढं उभा राहिलो, तरी कित्येक वर्षं मला डोळे मिटता येत नव्हते. त्याचं कारण आज लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

आष्ट्याचे माझे ड्रॉइंग मास्तर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, तेव्हा माणदेशात पायी फिरून केलेल्या रेखाटनांच्या वह्या त्यांनी माझ्या हाती दिल्या. "जपून ठेव," एवढंच म्हणाले. मी जपल्या खऱ्या, पण त्यांतलीच दृश्यं रंगवून खाली माझी सही करू लागलो. नाव झालं, शाली-नारळ मिळाले. मास्तरांकडं जाणं मात्र सुटत गेलं. कोणत्या तोंडानं जाणार?

गेल्या चैत्रात साताऱ्यातल्या प्रदर्शनासाठी मोठं चित्र हवं होतं. वहीत एका माळावरचं महादेवाचं देऊळ होतं, शेजारी वाकलेलं पिंपरणीचं झाड. निदान ऊन तरी डोळ्यांनी पाहावं म्हणून मी तिथं गेलो आणि देवळासमोर बसून, वही मांडीवर ठेवून चित्र केलं. दुपार झाली. जवळचं पाणी संपलं होतं. उठायला गेलो, तो भोवळ येऊन पायरीवर कोसळलो.

भानावर आलो तेव्हा एक धनगर म्हातारी माझ्या कपाळावर ओला पदर दाबत होती. तिची मेंढरं देवळाच्या सावलीला टेकली होती.

"पी बाबा, बेतानं पी," म्हणत तिनं बाटली तोंडाला लावली. मग तिची नजर चित्रावर गेली. "देऊळ झ्याक आलंय. पर ही पिंपरण कुठनं आनली?"

मी वळून पाहिलं. देवळाशेजारी नुसता माळ होता. सबंध सकाळ मी तिकडं तोंड करून बसलो होतो, आणि तिथं झाड नाही हे मला दिसलंच नव्हतं.

"लय वर्सं झाली तिला पडून," ती म्हणाली. "तवा आष्ट्याचं एक मास्तर यायचं. तिच्याखाली बसून चित्रं काढायचं. हायती का वो ते?"

"आहेत," मी कसंबसं म्हणालो.

"मग सांगा त्यास्नी, झाड पडलं म्हनून."

ती मेंढरं घेऊन निघून गेली. मी देवळात जाऊन पिंडीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याला जाऊन मास्तरांच्या खाटेपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. ते जड जिभेनं म्हणाले, "पिंपरण... पडली?"

"हो सर."

त्यांचे डोळे भरून आले. माझ्या चोरीबद्दल त्यांनी अवाक्षरही काढलं नाही. रागावले असते तर सोसलं असतं. पण ते झाडासाठी रडले, आणि माझी मान जी खाली गेली ती वर करवेना.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी उभा राहून सर्वांसमोर खरं सांगितलं. काही जण उठून गेले. पुढं बोलावणी थांबली, ते योग्यच झालं.

ती म्हातारी कोण होती याचा शोध मी घेतला नाही. ज्यानं तिला पाठवलं, त्याला मात्र रोज हात जोडतो. आता माळावर बसलो की काय उमटावं हे मी आधी ठरवत नाही. समोर जे आहे ते पाहतो आणि ब्रश भिजवतो. महादेवापुढं डोळे मिटतात. लाज अजून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये एवढंच मागणं मागतो.