यादीत नसलेला पेशा

नवरा गेला तेव्हा आम्ही ओमानमध्ये सोहारला राहत होतो. तो तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली बायको. कागदोपत्री माझी ओळख तेवढीच. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले होते आणि नंतर लँडस्केप. सोहारला आल्यापासून मस्कतजवळच्या बरका गावातल्या एका लहानशा कन्सल्टंटसाठी बागांचे, रस्त्याकडेच्या हिरव्या पट्ट्यांचे नकाशे घरी बसून काढत होते. नकाशावर नाव ऑफिसचं जाई आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. जेवणाच्या टेबलावर माझे कागद पसरलेले असत. तो ताट हातात धरून उभा राही आणि म्हणे, "माळीणबाई, पोटापुरती जागा मिळेल का?"

तो गेला आणि त्याच्या व्हिसाला जोडलेला माझा व्हिसाही संपणार हे ठरलं. कारखान्याने आवराआवरीला काही महिने दिले. चिपळूणहून सासूबाईंचे फोन येत.

"तिथे कोण आहे गं आता तुझं?"

"काम आहे, आई."

"बागाच ना? इकडे काय बागांचा दुष्काळ आहे?"

मला त्याच रस्त्यांवर, त्याच उघड्या डोंगरांसमोर राहून दुःख करायचं होतं, हे फोनवर कसं सांगणार? शिवाय काम हातात असलं की दिवस सरळ जाई. परत गेले असते तर लोकांनी मला जपलं असतं आणि त्या जपण्यात मी कामापासून तुटले असते.

बरक्याचं ऑफिस मला नोकरीवर घ्यायला तयार होतं. अडचण अशी की इंजिनिअरच्या व्हिसासाठी आधी तिथल्या समितीकडे नोंदणी लागे, त्यासाठी मुलाखत लागे आणि पेशांच्या यादीत लँडस्केप आर्किटेक्ट हा पेशाच नव्हता. सिव्हिल होतं, इलेक्ट्रिकल होतं, आर्किटेक्ट होतं, शेती होती. भारतातही याचा वेगळा परवाना नाही. आर्किटेक्ट म्हणून जी नोंदणी असते तीच पुरवून वापरायची. तेव्हा मुलाखतीत मी नक्की कोण आहे हे मलाच समितीला पटवून द्यायचं होतं. नाही पटलं तर सामान बांधायचं.

ऑफिसचे ड्राफ्ट्समन रायगडच्या किनाऱ्याकडचे, माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना चाचा म्हणे, ते मला भाभी. मुलाखतीला काय न्यायचं हे त्यांनीच ठरवलं.

"जमिनीच्या लेव्हलचे कागद कोण बघतो, भाभी? हिरवळ दाखवा. कारंजं दाखवा. फुलं लाल ठेवा."

"बरक्यात लॉन जळून जातं, चाचा."

"चित्रात नाही जळत."

आमच्याकडे सगळे असंच करत. नकाशा पास व्हायचा तर वर एक रंगीत चित्र लागे, आणि त्या चित्रात फुगे असत, पोपटी गवत असे, कुत्र्याला फिरवणारी एक गोरी बाई असे. अशी बाई बरक्यात मी कधी पाहिली नाही. चाचांनी मन लावून तीन मोठी चित्रं छापून दिली. ती नाकारणं मला जमलं नाही. लेव्हलचा कागद मात्र मी फाईलच्या तळाशी सरकवला.

मस्कतला मुलाखतीच्या खोलीत समोर तिघे होते. मधले वयस्कर, पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, डोक्याला भरतकामाची टोपी. त्यांनी चित्रं एकेक करून पाहिली आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "फार सुंदर. पण ही सजावट आहे. यात इंजिनिअरिंग कुठे आहे?"

मी तळाचा कागद काढून त्यांच्यापुढे उलगडला. बरक्याजवळ, वादीच्या म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या काठावरच्या एका बागेचा होता तो.

"यात बागच नाही," ते म्हणाले. "नुसते आकडे."

"जमिनीची उंची आहे ती. डोंगरात पाऊस झाला की वादीचं पाणी इथून शिरतं. आधी या उथळ खड्ड्यांत थांबतं. तिथे घाफ आणि बोरीची झाडं आहेत. उरलेलं या चरातून पुन्हा वादीत जातं."

"भिंत का नाही घातली?"

"भिंत घातली तर पाणी शेजारच्या घरांत जाईल."

"खड्ड्यात पाणी साचलं की डास होतील."

"खाली खडीचा थर आहे. एका दिवसात जिरेल."

ते शेजारच्या दोघांशी अरबीत बोलले, मग एकदम हसले. "निझव्याला माझी खजुराची बाग आहे. पाणी वळवण्यावरून माझा भाऊ आणि मी अजून भांडतो. तुम्ही आधी का नाही आलात?"

मग त्यांनी यादी माझ्याकडे वळवली. माझा पेशा त्यात नव्हता आणि तो घालणं त्यांच्या हातात नव्हतं. आर्किटेक्ट लिहिलं तर उतार, चर, वाटा यांवर माझी सही चालेल, पण झाडांच्या यादीवर शेती इंजिनिअरची लागेल. शेती लिहिलं तर उलट. वर्षानुवर्षं मी या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याच नव्हत्या. मी म्हणाले, "आर्किटेक्ट लिहा."

ऑफिसात चाचा वाट पाहत होते.

"म्हणजे झाडं दुसऱ्याच्या नावावर?"

"हो."

"आणि खड्डे?"

"खड्डे माझे."

"वा भाभी! एवढं शिकून खड्डेवाली झालात." मग, "आणि माझी चित्रं?"

"फार सुंदर म्हणाले," मी सांगितलं. ते खरंच होतं.

सासूबाईंना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "स्वतःपुरतं म्हणून स्वयंपाकाचा कंटाळा करू नकोस हं."

व्हिसा झाला. सोहारचं घर कारखान्याला परत केलं आणि पुस्तकांची खोकी घेऊन मी बरक्याला, मासळी बाजाराच्या मागे, दोन खोल्यांत राहायला आले. वादीकाठच्या बागेचा नकाशा माझ्या सहीने पालिकेत गेला आणि लाल शेऱ्यांनी भरून परत आला. शेरे पहिल्यांदाच माझ्या नावाने होते. वाट अरुंद आहे, चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला वळता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. बरोबरच होतं ते. मी वाट रुंद केली आणि त्यासाठी एक खड्डा थोडा मागे सरकवला.