शे

निवृत्तीआधी कपाट आवरताना जुनं हजेरीपत्रक हाती लागलं आणि एका नावापाशी बोट अडखळलं. तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात मी नुकताच राज्यघटना शिकवू लागलो होतो. नरडाण्याहून एसटीनं येणारी ती मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, कधी तोंड उघडायची नाही. कापसाचे दिवस होते. खालच्या रस्त्यावरून भरलेल्या गाड्या जायच्या आणि कापसाचे तंतू उडत येऊन बाकांवर बसायचे. समानतेचं कलम शिकवून मी विचारलं, "थोडक्यात कोण सांगेल?" ती पहिल्यांदाच उठली. "सर, कायदा बठ्ठासले सारखाच शे." सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. वर म्हणालो, "उत्तर बरोबर आहे, पण जरा शुद्ध मराठीत सांग." ती मान खाली घालून बसली. त्याच सकाळी माझ्या आईनं ताट पुढं सरकवत म्हटलं होतं, "भाकर गरम शे, खाई ले." दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही. तिच्या नावापुढे वर्षअखेरपर्यंत माझ्याच अक्षरात 'गैरहजर' आहे. कायदा सगळ्यांना सारखाच आहे, हे मात्र मी पुढं तीस वर्षं शिकवत राहिलो, शुद्ध मराठीत.