डोसच्या दिवशी गावात नव्हती

मी तेव्हा राणीसावरगावकडच्या खेड्यांत पाहणीला जायचे. थंडीत अंगणवाडीत लेकरांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजला होता, रातांधळेपणा येऊ नये म्हणून. तो खरंच किती जणांपर्यंत पोचला, हे मी पाडव्यानंतर घरोघर विचारत होते. आयांना आठवावं म्हणून पिशवीतून रिकामी बाटली आणि चमचा काढून दाखवायचे. इतकी घरं व्हायची की दुपारनंतर तोंड आपोआप बोलायचं. लोकांना वाटायचं, बाई लय शांत आहे. शांत कसली, मला काही वाटणंच बंद झालं होतं.

एका घरी ऊसतोडीहून परतलेली आई भाकरी थापत होती. चार वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसलेली. बाटली बघून आई म्हणाली, "न्हाई ओ मॅडम, तवा आमी कारखान्याला व्हतो."

फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: डोसच्या दिवशी मूल गावात होतं का? नसेल तर ते मोजायचं नाही, शेजारचं घर घ्यायचं. नियम करणाऱ्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. जे लेकरू गावातच नव्हतं त्याला अंगणवाडीताई कुठून पाजणार? मी आडवी रेघ मारली. चहा नको म्हटलं, तेव्हा निदान पाणी तरी प्या म्हणून आईनं मुलीच्या हातात तांब्या दिला.

दिवस बुडाला होता, पण उजेड होता. मला फॉर्मवरची अक्षरं दिसत होती. मुलगी भिंतीला हात लावत आली आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या बाजेपुढं तांब्या धरून उभी राहिली. "घ्या," म्हणाली.

"तिकडं कुठं? येंधळी कुठली!" आई ओरडली. "दिवस बुडला की असंच करायलीय. खेळायला बी जायना."

"रागावू नका. तिला दिसत नाहीये," मी म्हटलं. "उद्याच दवाखान्यात न्या. वेळेवर डोस मिळाला तर दिसायला लागेल. उशीर केला तर डोळे जातील."

आईचे हात पिठातच थांबले. "मंग तुमच्याजवळचा पाजा की."

"ही रिकामी आहे. दाखवायपुरती."

"उद्या हळद काढायला जायचंय," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "नेते."

फॉर्मवर डोळ्यांसाठी रकाना नव्हता. मी चिठ्ठीवर गावच्या आशाताईचा नंबर लिहून दिला आणि शेजारी गेले. तिथल्या पोरानं डोस घेतला होता. त्याला मोजलं.

आईनं मुलीला नेलं का, मला माहीत नाही. आशाताईला फोन करून विचारता आलं असतं. वाईट ऐकायची भीती होती असंही नाही, केलाच नाही. त्या गावात मोजलेलं एकही लेकरू डोसवाचून राहिलेलं नाही, असा अहवाल वर गेला. त्याखाली सही माझी आहे.