काळोखात उघडणारी दारं

संशोधन संस्थेच्या इमारतीत तिला सगळे माशीवाली म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चाळिशी उलटलेली ही बाई दिवसभर प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली फळमाश्यांचे डोळे काढायची. त्यातली एकेक पेशी सुटी करून तिला काचेच्या बारीक नळीचं टोक चिकटवायची. उजेड पडला की पेशीच्या पडद्यातली दारं उघडतात, कॅल्शियम-सोडियमचे आयन आत धावतात. तो प्रवाह ती मोजायची.

तिला सापडलं होतं ते वेगळंच. मिट्ट काळोखातही ही दारं आपसूक उघडत होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्यावर शोधनिबंध लिहायला घेतला होता आणि तिची कंत्राटी नोकरी त्याच निबंधावर टिकून होती.

एके सकाळी नळीत भरायचं द्रावण संपलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने ताजं करून दिलं. त्या दिवशी उजेडात दारं नीट उघडली, काळोखात एकही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने जुन्या द्रावणाची नोंद काढून पाहिली. पेशीला ऊर्जा देणारा पदार्थ जुन्या द्रावणात केव्हाच नासला होता, आणि ऊर्जा संपली की ही दारं मिटून राहत नाहीत. इतके महिने ती मरायला टेकलेल्या पेशी मोजत होती.

तरी ताज्या द्रावणात तसंच घडतं का हे पाहायला तिने जंग जंग पछाडलं. तापमान बदललं, माश्यांचं वाण बदललं. यंत्राच्या पडद्यावरची रेघ काळोखात हलेना. शेवटी ती सरांकडे गेली.

"जुन्या नोंदी आहेत ना? निबंध छापायला जाऊ द्या," सर म्हणाले. "नाहीतर तुमच्यासाठी मला काही करता येणार नाही."

"सर, त्या पेशी मरत होत्या."

"हे आपल्या दोघांनाच माहीत आहे."

तिने निबंधावरून नाव काढून घेतलं आणि कारणही लेखी दिलं. निबंध बारगळला. कंत्राट वाढलं नाही.

घरी थोरली बहीण शिवणकाम करायची.

"ताई, या वयात मला कोण घेणार? माश्यांशिवाय मला काही येत नाही गं."

"मला तरी शिलाईशिवाय काय येतं?" ताई तिला हसवायला म्हणाली. ती हसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली.

शेवटच्या दिवशी तिने माश्यांच्या बाटल्या एकेक करून अल्कोहोलात रिकाम्या केल्या.

"एक तरी ठेवू दे मला," मैत्रीण म्हणाली. "उजेडातले तुझे ताजे आकडे खरे आहेत."

तिने बाटली पुढे सरकवली, पण वर पाहिलं नाही.

पुढे तिने खूप ठिकाणी विचारलं. कुठूनच होकार आला नाही. आता ती ताईशेजारी बसून काजं करते. धाकटीचा हात फार स्थिर आहे, असं ताई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगते. ते तिच्या कानावर पडतं, पण ती मान वर करत नाही.