आडव्या बाटलीची मुक्ताबाई

पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात दारूचं दुकान राहावं की जावं, यावर बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती, दुकान राहावं म्हणणाऱ्यांसाठी उभी बाटली आणि जावं म्हणणाऱ्यांसाठी आडवी बाटली. मुक्ताबाई वस्त्या-वस्त्यांवर पायी हिंडली, तिनं बायकांना घराबाहेर काढलं आणि बाटली आडवी करूनच दम घेतला. तेव्हापासून तिचं नावच आडवी बाटली पडलं. पुरुष ते नाव दातओठ खात घ्यायचे आणि ती ऐटीत मिरवायची.

तिचा नवरा सहादेव ऊसतोडीत कोयता चालवायला वाघ, पण दिवस मावळला की त्याचे पाय गुत्त्याकडे वळायचे. लिव्हर खराब होऊन तो गेला. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला की बाई अर्धा कोयता, आणि अर्ध्याला विचारतो कोण? मुक्ताबाईनं शेळ्यांवर लेक सविताला वाढवलं. सहादेवाची गोधडी, सदरे, टोपी, ज्याला म्हणून दारूचा वास होता ते सगळं तिनं दहावा उरकताच ओढ्याकाठी जाळलं होतं. फोटो कधी काढलाच नव्हता. या उंबऱ्याच्या आत पुन्हा थेंब येणार नाही, असं ती म्हणाली आणि तो आलाही नाही.

अलीकडे तिचं पोट उजव्या बरगडीखाली फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की जीव कोंडायचा. तालुक्याला सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये पाण्याची भली मोठी गाठ निघाली. मुक्ताबाईनं ते कुणाला कळू दिलं नाही, पोट पदराखाली झाकून ती हिंडत राहिली. लिव्हर बिघडतं ते पिणाऱ्याचं, हे सगळ्या गावाला पाठ. आडव्या बाटलीचंच लिव्हर बिघडलं म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार होतं?

शेवटी सविताच्या ते नजरेला आलं. तिनं आईला नगरला, सावेडीतल्या आपल्या घरी आणलं आणि तिथल्या एका दवाखान्यात नेलं.

"मावशी, ही गाठ दारूची नाही, कॅन्सरचीही नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीच्या ऑपरेशननं तिचं वरचं आवरण कापता येतं, पण तुमच्या दम्याला पूर्ण भूल झेपणार नाही. आपण सुईनं पाणी काढू. नुसतं काढलं तर पुन्हा भरतं. म्हणून थोडा वेळ आत अल्कोहोल सोडायचं, गाठीचं अस्तर मारायचं आणि ते परत ओढून घ्यायचं."

"त्ये म्हंजी काय?" मुक्ताबाईनं लेकीला विचारलं.

सविताला खोटं बोलता आलं नाही. "दारूच म्हण आई. पर औषधाची."

मुक्ताबाई उठली आणि थेट गावी परतली.

त्यानंतर ती वाळत गेली आणि पोट वाढत गेलं. शेळीच्या धारेला वाकणंही होईना. एकदा तिला धाप लागलेली बघून सविता रडत म्हणाली, "आबाला दारूनं नेलं. तुला दारूच्या रागानं जायचंय व्हय?" दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई लेकीसोबत पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली.

टेबलावर तिची कूस बधिर केली, सोनोग्राफीवर बघत बारीक नळी आत सरकवली. पाणी पिशवीत उतरू लागलं तसा तिला कितीतरी दिवसांनी भरून श्वास घेता आला. मग डॉक्टरांनी सिरिंजमध्ये अल्कोहोल भरलं, नळीतून आत सोडलं आणि तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळायला लावलं.

खोलीत वास पसरला. ज्या वासाला तिनं जन्मभर शिव्या दिल्या, त्याच वासामागून सहादेव आला. पाचटाच्या खोपीत झोकांड्या खात शिरणारा, तरी आधी चिमणीच्या उजेडात तिच्या पायातली कुसळं काढणारा आणि मगच आडवा होणारा. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा तिला धड आठवत नव्हता, तो आज आठवला. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"दुखतंय का, मावशी?"

"न्हाई."

"झालं आता. काढून घेतो."

तिनं डॉक्टरांची बाही धरली. "वाईच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यांचं दुसरं काईच ठिवलं न्हाई मी."

पण वेळ झाली होती. डॉक्टरांनी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि सगळं परत ओढून घेतलं.